रिचर्ड रेटी

रिचर्ड रेटी (२८ मे १८८९ – ६ जून १९२९) हे ऑस्ट्रिया-हंगेरीत जन्मलेले व पुढे चेकोस्लोव्हाकियाचे नागरिक झालेले बुद्धिबळपटू, ग्रंथकार आणि बुद्धिबळातील अभ्यासरचनांचे रचनाकार होते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या दशकांत जगातील आघाडीच्या खेळाडूंमध्ये त्यांची गणना होत असे. बुद्धिबळातील अतिआधुनिक विचारपंथाच्या प्रवर्तकांपैकी ते एक होते. डावाच्या प्रारंभाची एक पद्धत त्यांच्या नावाने ओळखली जाते. तथापि सर्वसामान्य अभ्यासकाला त्यांचे नाव प्रथम भेटते ते राजा व प्यादे एवढ्याच मोहऱ्यांच्या अंतिम पर्वात. १९२१ साली त्यांनी प्रसिद्ध केलेली चार मोहऱ्यांची रचना आजही या विषयाच्या अध्यापनात आधारभूत मानली जाते.

जन्म व शिक्षण

रेटी यांचा जन्म बाझिन या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. त्या काळी हंगेरीच्या राज्यात असलेले हे गाव आज पेझिनोक या नावाने स्लोव्हाकियात आहे. त्यांचे वडील डॉ. सॅम्युएल रेटी हे ऑस्ट्रियाच्या लष्करी सेवेत वैद्य होते. थोरले बंधू रुडोल्फ रेटी (१८८५–१९५७) हे पियानोवादक, संगीतकार व संगीतसमीक्षक म्हणून प्रसिद्धीस आले. एका भावाने सुरांच्या रचनेचा, तर दुसऱ्याने पटावरील मोहऱ्यांच्या रचनेचा अभ्यास आयुष्यभर केला.

गणिताच्या उच्च शिक्षणासाठी रिचर्ड व्हिएन्ना विद्यापीठात दाखल झाले. व्हिएन्ना हे त्या वेळी युरोपातील बुद्धिबळाचे एक मोठे केंद्र होते. तेथील कॉफीगृहांत दिवसभर पट मांडलेले असत आणि कार्ल श्लेख्टर यांच्यासारख्या नामवंतांचा खेळ तरुणांना जवळून पाहता येत असे. या वातावरणात गणित हळूहळू मागे पडले व बुद्धिबळ हाच रेटी यांचा व्यवसाय झाला. मात्र गणिती विचाराची सवय त्यांच्या खेळात आणि विशेषतः त्यांच्या अभ्यासरचनांत अखेरपर्यंत टिकून राहिली.

प्रारंभीची कारकीर्द

१९०८ साली व्हिएन्ना येथे भरलेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत अठरा वर्षांच्या रेटी यांना खेळण्याची संधी मिळाली. वीस खेळाडूंच्या या स्पर्धेत ओल्डरिख दुरास, गेझा मारोत्सी व कार्ल श्लेख्टर यांनी पहिला क्रमांक विभागून घेतला. रेटी सर्वांत शेवटी राहिले. एकोणीस डावांपैकी त्यांना एकही जिंकता आला नाही. तीन बरोबरीत सुटले व सोळा त्यांनी गमावले. इतक्या मोठ्या अपयशानंतर एखाद्या तरुणाने खेळ सोडला असता तरी ते नवल ठरले नसते. रेटी यांनी तसे केले नाही.

पुढच्या काही वर्षांत त्यांच्या खेळात झपाट्याने सुधारणा झाली. या काळातील त्यांची शैली धाडसी व आक्रमक होती. मोहऱ्यांचे बलिदान देऊन राजावर हल्ला चढविणाऱ्या जुन्या पद्धतीचे डाव त्यांना विशेष प्रिय होते. १९१० साली व्हिएन्ना येथे साव्हिएली तार्ताकोवर यांच्याविरुद्ध खेळलेल्या एका मैत्रीपूर्ण डावात त्यांनी वजिराचा बळी देऊन दुहेरी शह दिला आणि अवघ्या अकरा खेळ्यांत मात केली. हा छोटा डाव अनेक पाठ्यपुस्तकांत आढळतो.

पहिल्या महायुद्धामुळे युरोपातील स्पर्धा जवळजवळ थांबल्या. युद्ध संपता संपता, १९१८ साली, काशाऊ (आजचे कोशित्से) येथील स्पर्धेत रेटी यांनी पहिला क्रमांक मिळविला. त्याच वर्षी ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य कोसळले व त्यांचे जन्मगाव नव्या चेकोस्लोव्हाकियात समाविष्ट झाले. युद्धानंतरचा काही काळ त्यांनी नेदरलँड्समध्ये घालविला. पुढे विश्वविजेते झालेले माक्स यूवे त्या वेळी उदयोन्मुख खेळाडू होते. १९२० साली त्यांच्याशी झालेल्या छोट्या सामन्यात रेटी विजयी झाले. त्याच वर्षी स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील बलाढ्य स्पर्धाही त्यांनी जिंकली. १९२२ साली टेप्लिट्झ-शोनाऊ येथे त्यांनी रुडोल्फ श्पिलमान यांच्यासह पहिला क्रमांक विभागून घेतला, तर १९२३ साली मेरिश-ओस्ट्राऊ येथे माजी विश्वविजेते इमॅन्युएल लास्कर यांच्यामागे दुसरा क्रमांक पटकाविला.

अतिआधुनिक विचार

युद्धानंतरच्या काळात रेटी यांची शैली पूर्णतः पालटली. तोवरच्या प्रचलित शिकवणीनुसार डावाच्या प्रारंभी पटाच्या मध्यभागी प्यादी पुढे नेऊन बसविणे आवश्यक समजले जाई. आरोन निम्झोविच, ग्युला ब्रेयर, तार्ताकोवर, एर्न्स्ट ग्रुनफेल्ड आणि रेटी यांनी या नियमाविषयी शंका उपस्थित केली. मध्य ताब्यात ठेवण्यासाठी तेथे प्यादी बसविलीच पाहिजेत असे नाही, मोहऱ्यांच्या दुरून पडणाऱ्या दाबानेही ते साधते, असे त्यांचे प्रतिपादन होते. प्रतिपक्षाने मध्यभागी उभी केलेली प्यादी पुढे हल्ल्याचे लक्ष्य ठरू शकतात, हे त्यांनी प्रत्यक्ष डावांतून दाखविले. या विचाराला अतिआधुनिक हे नाव तार्ताकोवर यांच्यामुळे रूढ झाले.

रेटी प्रारंभ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत पांढरा प्रथम राजाच्या बाजूचा घोडा बाहेर काढतो व नंतर सी स्तंभातील प्यादे दोन घरे पुढे सरकवून काळ्याच्या मध्यवर्ती प्याद्यावर दाब आणतो. उंट बाजूच्या घरांत बसवून लांबच्या तिरक्या ओळींवर त्यांचा मारा ठेवला जातो. एकेकाळी धक्कादायक वाटलेली ही पद्धत आज सर्व स्तरांवरील स्पर्धांत नेहमीची झाली आहे.

राजा व प्याद्यांचे अंतिम पर्व

मोठी मोहरी मारली गेल्यावर पटावर केवळ राजे व प्यादी उरतात, तेव्हा डावाचे स्वरूप बदलते. एरव्ही किल्ल्यात लपून राहणारा राजा येथे सर्वांत कामसू मोहरा होतो. प्यादे आठव्या ओळीपर्यंत पोहोचले की त्याचा वजीर होतो, म्हणून एकेका खेळीला निर्णायक मोल येते. इतर अंतिम पर्वांत एखादी लहान चूक पुढे भरून काढता येते. येथे राजा एक घर चुकला तर जिंकलेला डाव बरोबरीत सुटतो किंवा बरोबरीचा डाव हातचा जातो. हत्ती वा घोड्यांची अदलाबदल करून या पर्वात उतरणाऱ्या खेळाडूला परतीची वाट नसते. त्यामुळे त्याचा निकाल आधीच मोजता येणे आवश्यक ठरते.

या मोजणीसाठी काही नियम फार पूर्वीपासून प्रचलित आहेत. त्यांपैकी एक समोरासमोर उभ्या राजांचा. दोन राजे एकाच ओळीत, मध्ये एक घर सोडून उभे असले, तर ज्याच्यावर खेळी करण्याची पाळी येते त्याला बाजूला व्हावे लागते व प्रतिपक्षाच्या राजाला वाट मिळते. एकट्या राजाविरुद्ध राजा व प्यादे असा खेळ असता जिंकणे वा बरोबरी होणे पुष्कळदा यावरच ठरते. पांढरा राजा आपल्या प्याद्याच्या पुढे सहाव्या ओळीत पोहोचला तर खेळी कोणाचीही असो, पांढरा जिंकतो; मात्र पटाच्या अगदी कडेच्या स्तंभातील प्याद्यास हा नियम लागू पडत नाही.

दुसरा नियम प्याद्याच्या चौरसाचा. एकटे धावत सुटलेले प्यादे राजाला गाठता येईल की नाही, हे त्यावरून ठरते. प्यादे उभे आहे त्या घरापासून वजीर होण्याच्या घरापर्यंतचे अंतर ही एक बाजू धरून, पाठलाग करणाऱ्या राजाच्या दिशेने पटावर एक काल्पनिक चौरस आखायचा. राजाची खेळी असताना तो या चौरसात पाऊल ठेवू शकला तर प्यादे सापडते; नाही तर ते निसटते. प्रत्येक खेळी मोजत बसण्यापेक्षा हा चौरस डोळ्यांसमोर आणणे सोपे असल्याने विद्यार्थ्यांना तो प्रारंभीच शिकविला जातो.

१९२१ ची रचना

रेटी यांच्या १९२१ मधील रचनेत पटावर चारच मोहरे आहेत. पांढरा राजा एच८ या कोपऱ्यातील घरात असून त्याचे प्यादे सी६ वर आहे. काळा राजा ए६ वर व त्याचे प्यादे एच५ वर आहे. खेळी पांढऱ्याची असून त्याने डाव बरोबरीत सोडवायचा आहे.

प्रथमदर्शनी हे अशक्य वाटते. एच५ वरील प्याद्याचा चौरस एच५, एच१, डी१ व डी५ या घरांनी बनतो. त्यात शिरण्यासाठी पांढऱ्या राजाला आठव्या ओळीतून पाचव्या ओळीत यावे लागेल. त्याला तीन खेळ्या हव्यात आणि हाताशी आहे एकच. तो दोन खेळ्यांनी मागे आहे. पांढऱ्याच्या स्वतःच्या प्याद्याचीही स्थिती बिकट आहे. ते लगेच पुढे सरकले तर काळा राजा बी७ वर येऊन त्याला मारतो. आपला राजा त्याच्यापासून फार दूर आहे आणि काळा राजा अगदी शेजारी. दोन कामे आहेत, आणि वेगवेगळी मोजली तर दोन्ही हुकलेली आहेत.

उत्तर पुढीलप्रमाणे आहे. पांढरा राजा जी७ वर येतो. काळे प्यादे एच४ वर सरकते. राजा एफ६ वर येतो. आता प्यादे एच३ वर गेले तर राजा ई७ वर जातो. प्यादे एच२ वर येताच पांढरे प्यादे सी७ वर पोहोचते, काळा राजा बी७ वर अडवायला आला की पांढरा राजा डी७ वर येऊन प्याद्याला आधार देतो. दोघांचेही वजीर होतात व डाव बरोबरीत सुटतो. म्हणून काळ्याला मध्येच थांबून राजा बी६ वर आणणे, म्हणजे सी६ वरील प्यादे मारण्याची तयारी करणे भाग पडते.

यावर पांढरा राजा ई५ वर येतो. रचनेचे सारे मर्म या एका खेळीत आहे. येथून राजाला दोन वाटा मोकळ्या आहेत. काळ्याने सी६ वरील प्यादे मारले, तर राजा एफ४ वर येऊन चौरसात शिरतो. प्यादे एच३ वर जाता राजा जी३ वर येतो आणि एच२ वर ते मारले जाते. काळ्याने प्यादे न मारता एच३ ही खेळी केली, तर राजा डी६ वर येतो. मग प्यादे एच२ वर, पांढरे प्यादे सी७ वर, काळा राजा बी७ वर, पांढरा राजा डी७ वर, आणि पुन्हा दोघांचे वजीर होऊन बरोबरी होते. काळ्याने कोणतीही निवड केली तरी फरक पडत नाही.

ज्या दोन खेळ्यांनी राजा मागे होता त्या कोठून मिळाल्या, याचे उत्तर पटाच्या भूमितीत आहे. कागदावर तिरकी रेषा सरळ रेषेपेक्षा लांब असते. राजाच्या बाबतीत तसे नसते, कारण तो एका खेळीत तिरके घरही तेवढ्याच सहजतेने ओलांडतो. एच८ वरून एच२ पर्यंत सरळ खाली यायला सहा खेळ्या लागतात, आणि जी७, एफ६, ई५, एफ४, जी३ असा वळसा घेऊन यायलाही सहाच लागतात. या वळशात पांढरा काहीच गमावत नाही. मात्र तो आपल्या प्याद्याच्या जवळ जात असल्याने काळ्याला ते मारण्यासाठी राजाच्या दोन खेळ्या खर्च कराव्या लागतात. पांढऱ्याला हव्या होत्या त्याच या दोन खेळ्या. काळ्याने त्या वाचविल्या, तर पांढरा राजा आपल्या प्याद्यापर्यंत पोहोचतो.

राजाने एकाच मार्गावरून दोन उद्दिष्टे साधण्याची कल्पना प्रत्यक्ष डावातही आधी दिसली होती. १९१४ च्या सेंट पीटर्सबर्ग स्पर्धेत लास्कर यांनी झिगबर्ट तार्राश यांच्याविरुद्धचा हरल्यासारखा दिसणारा डाव याच तत्त्वावर वाचविला होता. रेटी यांनी ही कल्पना अनावश्यक सारे काढून चार मोहऱ्यांत मांडली. त्यामुळे प्याद्याच्या चौरसाचा नियम कोठे पुरा पडतो व कोठे अपुरा, हे नवशिक्यालाही दिसू शकले. चौरसाचा नियम चुकीचा नाही. तो केवळ एका प्याद्याची शर्यत मोजतो. प्रतिपक्षाला शर्यत सोडून दुसरीकडे पाहण्यास भाग पाडता येत असेल, तर हिशेब नव्याने करावा लागतो. आता हा डावपेच रेटी यांच्याच नावाने ओळखला जातो, आणि हत्ती व प्याद्यांच्या अंतिम पर्वांतही त्याची रूपे आढळतात.

न्यूयॉर्क, १९२४

१९२४ च्या न्यूयॉर्क स्पर्धेत रेटी यांना आपल्या विचारांची कसोटी जगातील श्रेष्ठ खेळाडूंसमोर पाहता आली. विश्वविजेते होसे राउल कापाब्लांका हे १९१६ साली ऑस्कर चायेस यांच्याकडून पराभूत झाल्यानंतर आठ वर्षे एकही स्पर्धात्मक डाव हरले नव्हते. १९२१ मध्ये लास्कर यांच्याकडून विश्वविजेतेपद घेतानाही त्यांनी एकही डाव गमावला नव्हता. २२ मार्च १९२४ रोजी रेटी यांनी दोन्ही उंट बाजूच्या घरांत बसवून आपल्या नव्या पद्धतीने खेळताना त्यांना एकतीस खेळ्यांत शरणागती पत्करावयास लावली. याच स्पर्धेत येफिम बोगोल्युबोव यांच्यावरील त्यांचा विजय सर्वोत्कृष्ट डावाच्या पारितोषिकाचा मानकरी ठरला. स्पर्धा लास्कर यांनी जिंकली. त्यांच्यामागे कापाब्लांका, अलेक्सांद्र अलेखिन व फ्रँक मार्शल आले आणि रेटी पाचवे राहिले.

रेटी यांच्या पराभवांतही काही संस्मरणीय डाव आहेत. १९२५ साली बाडेन-बाडेन येथे ते अलेखिन यांच्याकडून हरले; हा डाव अलेखिन यांच्या सर्वोत्तम डावांत गणला जातो.

पट न पाहता खेळ

पट न पाहता एकाच वेळी अनेकांशी खेळण्यात रेटी निष्णात होते. १९२५ साली ब्राझीलमधील साओ पावलो येथे त्यांनी अशा रीतीने एकाच बैठकीत २९ डाव खेळून जागतिक विक्रम केला. त्यांपैकी २१ त्यांनी जिंकले, ६ बरोबरीत सुटले व २ गमावले. एरव्ही ते फार विसराळू होते. एकोणतीस पट मनात वागविणारा हा माणूस त्या कार्यक्रमानंतर आपली बॅग तेथेच विसरून निघाला, असा किस्सा बुद्धिबळाच्या वर्तुळात सांगितला जातो.

ग्रंथलेखन

रेटी यांनी मूळ जर्मन भाषेत दोन महत्त्वाचे ग्रंथ लिहिले. बुद्धिबळातील आधुनिक कल्पनांविषयीचा पहिला ग्रंथ १९२२ साली निघाला व पुढच्याच वर्षी त्याचे इंग्रजी भाषांतर झाले. आदल्या शतकातील आंडरसन व मॉर्फी यांच्यापासून अतिआधुनिक खेळाडूंपर्यंत बुद्धिबळातील विचार कसा विकसित होत गेला, याचा मागोवा त्यात घेतला आहे. एकामागून एक खेळ्यांची जंत्री देण्याऐवजी खेळाडू कसा विचार करतो हे सांगण्यावर त्यांचा भर होता. बुद्धिबळातील श्रेष्ठींवरील दुसरा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९३० साली प्रसिद्ध झाला. त्यात निवडक खेळाडूंच्या डावांच्या आधारे पूर्ण खेळाचे शिक्षण दिले आहे. दोन्ही ग्रंथ अद्याप वाचले जातात.

अखेरची वर्षे व मृत्यू

रेटी यांचा विवाह रशियन कवी सर्गेई गोरोदेत्स्की यांची कन्या रोग्नेदा यांच्याशी झाला. १९२७ साली लंडन येथे भरलेल्या पहिल्या अधिकृत बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये त्यांनी चेकोस्लोव्हाकियाच्या संघाकडून पहिल्या पटावर खेळ केला. स्पर्धांबरोबरच अभ्यासरचनांचे कामही चालूच होते. राजा-प्याद्यांच्या जोडीला हत्ती, उंट व घोड्यांच्या अंतिम पर्वांवरही त्यांनी रचना केल्या. थोड्या मोहऱ्यांत, नैसर्गिक दिसणाऱ्या स्थितीत आणि दोन हेतू एकत्र साधणाऱ्या खेळ्यांत त्यांचे वैशिष्ट्य दिसते.

६ जून १९२९ रोजी प्राग येथे लोहितांग ज्वराने रेटी यांचे निधन झाले. त्यांच्या वयाला चाळीस वर्षे पूर्ण होऊन नऊच दिवस झाले होते. त्यांच्या अस्थी व्हिएन्ना येथील मध्यवर्ती दफनभूमीच्या ज्यू विभागात, वडिलांच्याच थडग्यात आहेत. त्यांच्या अभ्यासरचनांचा संग्रह प्रागमधील रचनाकार आर्तूर मांडलर यांनी नंतर सिद्ध केला.

प्रभाव

रेटी विश्वविजेते झाले नाहीत व विश्वविजेतेपदासाठी सामनाही खेळले नाहीत. त्यांचा प्रभाव त्यांनी मांडलेल्या कल्पनांमुळे टिकला. प्रारंभाच्या अभ्यासात त्यांचे नाव एका पद्धतीला मिळाले आहे. अंतिम पर्वाच्या अभ्यासात त्यांची रचना जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकात दिली जाते. राजा व प्याद्यांचे डाव शिकविताना प्रशिक्षक प्रथम चौरसाचा नियम सांगतात, मग पटावर एच८ वर राजा मांडतात आणि विद्यार्थ्याला बरोबरी शोधावयास सांगतात. पुष्कळ विद्यार्थी प्रथम डाव हरलेला असल्याचेच उत्तर देतात. राजाची तिसरी खेळी ई५ वर पडते, तेव्हा हे उत्तर बदलावे लागते.